मिठाचा डबा माझ्या पाठीवर

बाबांचं दुपारच्या जेवणाचे डबे भरून देण्याचं छोटं दुकान आहे. शनिवारी सकाळी त्यांनी चिकनवर ओतायच्या तेरियाकी या जपानी सॉसची शेवटची बाटली उलटी धरून तिच्या बुडावर थापट्या मारल्या, तर तिनं फक्त एक ढेकर दिली.

"संपलं," बाबा म्हणाले. "नव्या बाटल्या पंधरा दिवसांनी. आज पोरांना साधं चिकन."

ही पोरं म्हणजे पोहण्याच्या तलावावरच्या कोचकडे शिकणारी अठरा मुलं. दर शनिवारी पोहून आली की दुकानासमोरच्या बाकांवर बसून ती जेवतात आणि भातावर त्यांना तोच सॉस लागतो, गोड-खारा, चकचकीत.

"मी करते," मी म्हणाले.

आत्याची कांद्यावरची सुरी थांबली. "आमची टकळी. उचलली जीभ लावली टाळ्याला."

"घरी तीनदा केलाय. तुम्ही सगळे दुकानात असताना."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या चौथ्या बर्नरकडे. तो मी वर्षभर मागत होते आणि त्यावर वर्षभर किटली बसली होती.

"कोचनं पुन्हा मागितला, तर तो बर्नर तुझा," बाबा म्हणाले. "डबे परत आले, तर दहावी होईपर्यंत स्वयंपाकघरात पाऊल नाही."

सोया सॉस, साखर, थोडं व्हिनेगर, किसलेलं आलं, ठेचलेला लसूण. मंद आचेवर ठेवून मी डबे पुसायला बाहेर गेले. परत येऊन चाखलं, तर समुद्रच.

"मीठ कुणी घातलं?"

"चिमूटभर," बाबा म्हणाले.

"मीपण चिमूटभरच," आत्या म्हणाली.

चहासाठी आत आलेले आजोबा छताकडे बघायला लागले.

आमच्याकडची ही जुनी रीत. बाबा फोडणीत मीठ कमी घालतात आणि मग पातेल्याजवळून जाणारा प्रत्येक जण चिमूट टाकतो. कुणी कुणाला विचारत नाही, आणि गंमत म्हणजे जेवण बरोबर होतं. पण सोया सॉस मुळातच खारट, आणि आटत गेला की आणखी खारट.

"जाऊ दे आता," बाबा म्हणाले. "साधं चिकन देऊ."

"अर्धी बाटली सोया आहे. एक तास आहे."

मी नवं पातेलं ठेवलं, मिठाचा डबा दप्तरात टाकला, चेन ओढली आणि दप्तर पाठीला अडकवून ढवळायला लागले. पाच मिनिटांत बाबांचा हात सवयीनं फळीकडे गेला आणि तिथं नुसता फिरत राहिला.

"मीठ कुठंय?"

"माझ्या पाठीवर."

आत्या इतकी हसली की तिला सुरी खाली ठेवावी लागली. "दादा, पोरीनं तुला निःशस्त्र केलं."

बाबांनी चमचा बुडवून चाखलं. "पाणचट आहे. बावीस वर्षं रांधतोय मी, मीठ हवंच."

"आटू दे, बाबा."

"थोडंसं."

"आटू दे."

दप्तराचा पट्टा मी सोडला नाही. पातेल्यातला रस अर्ध्यावर आला. बारीक फेसाचे मोठे, जड बुडबुडे झाले. चमचा उचलला तर त्यावर काळपट लाल थर धरला आणि ओघळ सावकाश उतरला. बाबांनी पुन्हा चाखलं. मग चमचा दुसऱ्यांदा बुडाला.

दुपारी ओल्या केसांची अठरा पोरं बाकांवर बसली. एरवी त्यांचा गोंगाट चौकापर्यंत जातो. आज नुसते चमचे वाजत होते. मी काउंटरमागे, दप्तर अजून पाठीवर.

कोच रिकामा डबा घेऊन आला. डब्याचे कोपरेसुद्धा पुसून खाल्लेले.

"बाटली बदलली का?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "हिला विचारा. हिनं केलाय."

"उरलाय का? वाटीभर दे. आणि पुढच्या शनिवारी हाच."

आजोबांनी टेबलावर थाप मारली, जणू त्यांनीच ढवळलं होतं.

मी आत आले तेव्हा बाबा चौथ्या बर्नरवरची किटली उचलत होते. तिच्याखालचं डागांचं कडं त्यांनी ओल्या फडक्यानं घासलं, नॉब फिरवून ज्योत पाहिली आणि बंद केली. मग उरलेल्या सॉसच्या पातेल्याकडे वळले. हात नेहमीसारखा पुढे आला आणि मध्येच थांबला.

"मीठ टाकू का?" त्यांनी विचारलं.

बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"नको," मी म्हणाले, आणि दप्तर खाली ठेवलं.