रेषेच्या अकरा मीटर पुढे

क्लॅरी पेंगिलीने बाथर्स्टच्या डोंगरावरची हजार किलोमीटरची शर्यत अकरा वेळा सुरू केली होती. संपवली एकदाही नव्हती. सुरू करण्यात मात्र त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, हे त्याचे वैरीसुद्धा मान्य करत.

एका वर्षी कांगारू आडवं आलं. एका वर्षी मागचं चाक निखळलं आणि गाडीला मागे टाकून पुढे गेलं. चाकाने ती फेरी पूर्ण केली, क्लॅरीने नाही. एका वर्षी गरम राहावी म्हणून कुणीतरी इंजिनावर ठेवलेली मटण-पाई तिथेच राहिली आणि चाळिसाव्या फेरीत इंजिनाने तिचा रस्सा ओढून घेतला. पाई ठेवणारा कोण, हे मर्व डूलनला माहीत होतं, कारण तो मर्वच होता. मर्व म्हणजे क्लॅरीचा मेव्हणा आणि लांब पल्ल्याच्या शर्यतींत त्याच्याशी आलटून पालटून गाडी चालवणारा जोडीदार.

दर वर्षी निकालाचा कागद छापून यायचा आणि दर वर्षी क्लॅरीच्या नावापुढे आकड्याऐवजी एकच शब्द असायचा: अपूर्ण. क्लॅरीला जिंकायचं नव्हतं. त्याला आकडा हवा होता. "एकतिसावा चालेल," तो म्हणायचा. "एकतीस हा फार सुंदर आकडा आहे."

हे त्याचं बारावं वर्ष होतं, आणि शेवटचं. हिवाळ्यात गोलबर्नच्या डॉक्टरने त्याचे डोळे तपासले होते.

"डाव्या डोळ्याने काय दिसतं तुला?" डॉक्टरने विचारलं.

"डावी बाजू," क्लॅरी म्हणाला.

डॉक्टर हसला नाही. डिसेंबरपर्यंतचा परवाना होता तेवढा राहू देतो, म्हणाला, त्यानंतर माझी सही मागायला येऊ नकोस. ही गोष्ट तिघांनाच ठाऊक होती: डॉक्टर, क्लॅरी, आणि क्लॅरीची बायको नोरीन. नोरीन त्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. घरी येताना गाडी तिनेच चालवली. वाटेत क्लॅरी एकदाच बोलला. "मर्वला सांगू नकोस. तो जपून चालवायला लागेल."

गोलबर्नमध्ये पेंगिलींचा धंदा शौचाच्या टाक्या उपसण्याचा. शर्यतीची पिवळी गाडी त्याच धंद्यावर चालायची आणि तिच्या बॉनेटवर ठळक अक्षरांत धंद्याचं वाक्य होतं: 'तुमची घाण, आमची जबाबदारी.' सप्टेंबरात सँडाऊनला मोसमातली पहिली शर्यत झाली, पाचशे किलोमीटरची. सदतिसाव्या फेरीत सरळ रस्त्यावर बॉनेटची खिटी सुटली, ते उलटं उघडून काचेवर आपटलं आणि ताशी दोनशेच्या वेगात मर्वला समोर रस्त्याऐवजी हे वाक्य दिसलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि मग वाळूत जाऊन थांबला.

"शांतपणे वाचण्यासारखं आहे," परत आल्यावर तो म्हणाला. "मी इतकी वर्षं नीट लक्षच दिलं नव्हतं."

क्लॅरी हसला. नोरीनने वहीत 'सदतीस' लिहून खाली रेघ मारली.

वही हा नोरीनचा प्रांत. सतरा वर्षं ती पिटमध्ये, म्हणजे शर्यतीत गाड्या पेट्रोल-टायरसाठी थांबतात त्या जागी, घडीच्या खुर्चीवर बसत आली होती. गळ्यात तीन स्टॉपवॉच, मांडीवर वही, हातात रेडिओ. कोण कितव्या फेरीत आहे, टायर किती झिजले, टाकीत किती पेट्रोल उरलं, हे सगळं तिच्या वहीत असायचं. मोठ्या संघांचे लोक आपल्या यंत्रांवर विश्वास बसेना की हळूच तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहायचे. ती वही झाकायची नाही, फक्त पान उलटायची.

ऑक्टोबरातल्या पहिल्या रविवारी डोंगरावर शर्यत सुरू झाली तेव्हा आभाळ खाली उतरलं होतं. पाऊस पडत नव्हता आणि थांबतही नव्हता. क्लॅरीने सुरुवात केली, मर्वने पुढे चालवली, पुन्हा क्लॅरी, पुन्हा मर्व. कांगारू आलं नाही. चाकं चारही एकाच वेगाने जात होती. दुपारनंतर पिटमध्ये कुणी मोठ्याने बोलेना. कुणी आशेचा एक शब्द काढला असता तर मर्वने त्याला पान्याने मारलं असतं.

एकशे आठव्या फेरीला मर्वने गाडी आणली. टाकी भरताना इंजिन बंद ठेवायचं, हा नियम. टाकी भरली, क्लॅरी आत बसला, त्याने बटण दाबलं आणि गाडीखालून म्हातारा खाकरावा तसा आवाज आला. स्टार्टर गेला होता. गाडीला पिटमध्ये धक्का मारणं मना आहे. मारला तर बाद. मर्व हातोडी घेऊन गाडीखाली सरपटत गेला आणि त्याने स्टार्टरला तीन तडाखे दिले. चौथ्याला इंजिन धडधडलं. मर्व बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर तेल होतं आणि तेलाखाली भीती.

"आता हे बंद करायचं नाही," तो खिडकीतून ओरडला. "ऐकतोस का म्हाताऱ्या? परत बंद केलंस तर देवच चालू करील, आणि देव रविवारी काम करत नाही!"

म्हणजे यापुढे पेट्रोल नाही. टाकीत आहे त्यावर शेवटपर्यंत जायचं. नोरीनने पेन्सिलीला टोक काढलं आणि हिशोब मांडला. जपून चालवली तर पुरणार होतं, वर थोडं उरणार होतं. तिने क्लॅरीला रेडिओवर तसं सांगितलं. क्लॅरी जपून चालवू लागला. गाड्या त्याला ओलांडून जात होत्या आणि तो त्यांना वाट देत होता, लग्नघरातल्या पाहुण्यांना द्यावी तशी.

आता एक गोष्ट सांगायला हवी. इकडच्या माणसाला 'नाही' असं थेट तोंडावर म्हणवत नाही. तो आधी 'हो' म्हणतो, म्हणजे तुझं ऐकलं, तुझं म्हणणं वावगं नाही, आणि मग 'नाही' म्हणतो. चहा घेणार का? हो, नाही. म्हणजे नको. उलट 'नाही, हो' म्हणाला तर कप पुढे करायचा. हो-नाही करता करता इथली माणसं लग्नं करतात, घरं विकतात आणि मरतात, आणि कुणाचा काही घोटाळा होत नाही, कारण दोन्ही शब्द एका दमात येतात आणि खरा असतो तो दुसरा.

शर्यत संपायला पहिल्या गाडीच्या तीन फेऱ्या उरल्या होत्या. पेंगिलींची गाडी तिच्या तीसेक फेऱ्या मागे, पण अठ्ठाविसावी होती.

"नोर," रेडिओवर क्लॅरीचा आवाज आला. "पेट्रोलचा दिवा लागलाय. आत येऊ का?"

नोरीनने रेडिओचं बटण दाबून धरलं. तो दिवा नेहमीच लवकर लागायचा; टाकीत चार फेऱ्यांचं पेट्रोल आहे हे तिला पाठ होतं. "हो," ती म्हणाली, आणि तेवढ्यात तिची नजर वहीकडे गेली. आकडा खरा आहे ना, एवढंच पाहायला. तिने तो पाहिला. खरा होता. "नाही," ती म्हणाली.

दोन मिनिटांनी पिवळी गाडी पिटच्या तोंडाशी दिसली.

संघातला एक जण तेव्हा सँडविच खात होता. त्याचा घास तोंडातच राहिला. मर्व दोन्ही हात वर करून गाडीच्या दिशेने धावला, मेंढ्यांचा कळप माघारी वळवायला धावतात तसा. पण क्लॅरी बावीस वर्षं गाडी आत आणत होता. चाकं थांबायच्या आत त्याचा उजवा हात आपणहून उठला आणि त्याने इंजिन बंद केलं.

मग एकदम फार शांत झालं. इतर गाड्या बाहेर किंचाळत होत्या, तरीही.

क्लॅरीने हेल्मेटची काच वर केली. "पेट्रोल कुठाय?"

तो नोरीनकडे बघत राहिला.

"तू 'हो' म्हणालीस," तो म्हणाला. तक्रार नव्हती, माहिती होती. "मला वाटलं, तुला काहीतरी कळलं असेल. तुला नेहमी कळलेलं असतं."

"डोंगर!" मर्व गाडीखालून ओरडला. तो आधीच आत गेला होता आणि हातोडी चालवत होता. "वरच्या वळणावर रेडिओ तुटतो, माहीत आहे सगळ्यांना. डोंगराने अर्धं खाल्लं!"

नोरीन आपल्या अंगठ्याकडे बघत होती.

मर्वने स्टार्टरला त्रेचाळीस तडाखे दिले. पंच टोपी घालून शेजारी उभा होता. गाडीला हात लागतोय का, धक्का बसतोय का, हे तो गुडघ्यांवर हात ठेवून पाहत होता. अखेर लोकांचा गलका उठला आणि जिंकणारी गाडी झेंड्याखालून गेली. नियम असा की विजेता गेल्यावर तुमच्या गाडीने स्वतःच्या ताकदीवर रेषा ओलांडली पाहिजे. शेवटची रेषा नुसती रस्त्यावर नाही, पिटवरही आखलेली आहे. आणि पेंगिलींची जागा रेषेच्या अकरा मीटर पुढे होती. आत येताना क्लॅरीने ती ओलांडली होती. काही मिनिटं आधी. आता अकरा मीटर मागे असलेल्या रेषेपर्यंत पोचायला त्याला सहा किलोमीटर पुढे जावं लागणार होतं.

मर्व गाडीखालून बाहेर आला. त्याने जमिनीकडे पाहिलं, मग एक नट घेऊन जमिनीवर ठेवला. नट हळूहळू मागे घरंगळला.

"उतार आहे," मर्व पंचाला म्हणाला. "ब्रेक सोडला तर गाडी आपोआप मागे जाईल. रेषेवरून. कुणी हात लावायचा नाही, काही नाही. चालेल?"

"स्वतःच्या ताकदीवर पाहिजे," पंच म्हणाला.

"वजन तिचं स्वतःचंच आहे की!"

पंच विचारात पडला. त्याने खिशातून नियमांचं पुस्तक काढलं आणि अंगठा ओला करून पानं उलटली. उलटं ओलांडू नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. ओलांडावं असंही नव्हतं. तो आणखी दोघांना विचारायला गेला. क्लॅरी गाडीत तसाच बसून होता, पट्टे बांधलेले, हात चाकावर. त्याने मागच्या आरशात पाहिलं. रेषा आरशात दिसत होती.

पंच परत आला तेव्हा त्याने टोपी काढून हातात घेतली होती.

"आम्ही तिघांनी विचार केला," तो म्हणाला. "उलटं ओलांडलंत तर एक फेरी केली असं धरता येत नाही. एक फेरी मोडली असं धरावं लागेल."

"मोडली?"

"एकशे अठ्ठावीस झाल्या आहेत. एकशे सत्तावीस होतील."

मर्वने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याच्या सबंध आयुष्यात असं तेव्हाच घडलं असेल. "आणि तसाच डोंगर उलटा फिरत राहिला तर," अखेर तो म्हणाला, "रात्री उशिरापर्यंत आम्ही अजून सुरूच केली नाही, असं होईल?"

"तर्काने, हो," पंच म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. तो थोडा वेळ तिथेच थांबला, मग गेला.

क्लॅरी अर्ध्या तासाने गाडीतून उतरला. त्याने हेल्मेट नोरीनच्या खुर्चीवर ठेवलं, कारण खुर्ची रिकामी होती. नोरीन भिंतीपाशी उभी होती. तो तिच्याजवळ आला आणि म्हणाला, "मर्व म्हणतो तेच. डोंगर." आणि हात धुवायला गेला.

सोमवारी मर्वने गाडीची टाकी रिकामी केली आणि डबा मोजला. चौदा लिटर. त्याला तो आकडा सांगायचा नव्हता, पण नोरीनने विचारलं.

मंगळवारी कुंपणं निघाली आणि डोंगराचा रस्ता लोकांसाठी पुन्हा उघडला. एरवी तो साधा रस्ता आहे. ताशी साठची पाटी आहे, वर दोन-तीन घरं आहेत, त्यांची पत्रपेटी आहे. मर्व आदल्या दिवशीच गेला होता. पिवळी गाडी ट्रेलरवर चार पट्ट्यांनी बांधलेली, पुढे छोटा ट्रक, ट्रक नोरीन चालवत होती. गोलबर्नचा रस्ता उजवीकडे होता. ती डोंगराकडे वळली.

क्लॅरीने मागे वळून ट्रेलरचे पट्टे पाहिले.

चढ सुरू झाला. वर माणसं बिअरचे डबे पोत्यांत भरत होती. धुकं होतं आणि धुक्यात एक मेंढी भिंतीला अंग घासत होती. माथ्यावर नोरीनने गाडी हळू केली.

"डोंगर नव्हता तो," ती म्हणाली. "माझं बोट होतं. 'हो' म्हटलं आणि वहीत बघितलं, तेवढ्यात बटण सुटलं. मला कळलं होतं. तू आत येईपर्यंत दोन मिनिटं होती आणि मी पुन्हा बोलले नाही. ऐकलं असशील, असं स्वतःला सांगत बसले."

क्लॅरीने समोरची काच बाहीने पुसली.

"वहीत काय बघितलंस?"

"बरोबर आहे का ते."

"होतं?"

"होतं."

"तुझा हिशोब कधी चुकला नाही," क्लॅरी म्हणाला. एकतीस वर्षांच्या संसारात त्याने तिला एवढं लागेल असं काही म्हटलं नव्हतं, आणि हे त्याने कौतुकाने म्हटलं होतं.

ट्रक उतरणीला लागला. लांब सरळ रस्ता, मागे ट्रेलर किंचित डुलत होता. तळाशी शेवटचं वळण. डावीकडे वळलं की समोर पिट आणि रेषा; सरळ गेलं की गाव. नोरीनने डावीकडे वळायचा दिवा लावला आणि वेग कमी केला.

"सरळ घे," क्लॅरी म्हणाला.

"चारशे मीटर आहेत, क्लॅरी. कुणी नाहीये तिथे. मी थांबणारसुद्धा नाही."

"गाडी ट्रेलरवर आहे."

"मला माहीत आहे कशावर आहे ते."

"मग सरळ घे, नोर."

तिने सरळ घेतलं. डावीकडचा दिवा मात्र तसाच चालू राहिला. तो टिकटिकत होता, दोघांनाही ऐकू येत होता, आणि गाव मागे पडून दुतर्फा कुरणं लागली तरी दोघांपैकी कुणाचाही हात तो बंद करायला उठला नाही.