बटणात काय मावतं

चष्मा सापडत नव्हता, म्हणून हे सगळं घडलं.

सकाळचे आठ वाजले होते. अकराला आमच्या अक्षरवर्गात भाचीने टॅबवर बनवलेल्या, अक्षरं शिकवणाऱ्या प्रोग्रामची चाचणी होती. सायकलच्या दुकानावरची खोली, नऊ विद्यार्थी, त्यातला सर्वांत लहान एकावन्न वर्षांचा. वर्ग चालवणाऱ्या बाईंची अट साधी होती. पहिला धडा नऊच्या नऊ जणांनी कुणाच्या मदतीशिवाय पुरा करायचा. एक जण जरी अडला तरी टॅब परत न्यायचे, वर्ग पुठ्ठ्याच्या कार्डांवर चालेल, आणि वर्षभर हा विषय काढायचा नाही. भाचीने यासाठी नोकरी सोडली होती. सहा महिने ती माझ्याकडे राहत होती आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाचं तिने ऑफिस करून टाकलं होतं.

मी तिची तपासनीस. बोल्टच्या कारखान्यात तपासणी खात्यात माझं आयुष्य गेलं, आणि अक्षरं साठीनंतर याच वर्गात शिकले. रोज सकाळी ती टॅब पुढे करायची आणि मी धडा करून दाखवायची. चित्र दिसतं, टॅब शब्द बोलतो, खाली तीन ठळक अक्षरं येतात, त्यातल्या बरोबर अक्षरावर बोट ठेवायचं.

"आत्या, शेवटचं एकदा," ती म्हणाली. "चष्मा राहू दे, तुला धडा पाठ झालाय."

चित्र आलं. शब्द मात्र भांड्यांच्या आवाजात बुडाला. परत ऐकावा म्हणून खाली पाहिलं, तर चार निळ्या पट्ट्या. चारही सारख्या, वर काहीतरी बारीक लिहिलेलं. अंदाजाने एक दाबली आणि धडाच बंद झाला.

"ते 'थांबा' होतं गं," भाची म्हणाली. "'परत ऐका' त्याच्या शेजारी."

"म्हणजे शब्द परत ऐकायचा तर आधी 'परत ऐका' वाचता यायला हवं?"

"हो, मग?"

"मग ज्याला ते वाचता येतं तो आमच्या वर्गात कशाला येईल?"

तिने हातातला कप टेबलावर ठेवला, तो नेमका माझ्या चष्म्याच्या घरावर. चष्मा सापडला, पण आता तो लावायचं मला सुचेना. दोन महिने मी ही बटणं दाबत होते आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. वाचता यायला लागल्यापासून, न येणं कसं असतं हेच मी विसरले होते.

"ठिणगी," भाची हळूच म्हणाली.

ठिणगी म्हणजे आमच्या वर्गातला निवृत्त वेल्डर. चाळीस वर्षं ठिणग्यांसमोर काढली, स्वभावही तसाच झाला आणि डोळे अधू झाले. कार्ड नाकाला लावून बघतो. अडला तर विचारत नाही, सरळ उठून जिना उतरतो. पहिला अडणार तोच.

"मग चित्र टाक बटणात," मी म्हटलं. "कान काढ. कुणालाही कळेल."

"टाकता येत नाही. म्हणजे येऊ नये असं मीच करून ठेवलंय." तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. "हे बघ. पडद्यावरचा प्रत्येक भाग मी एकदाच बनवते आणि लागेल तिथे वापरते. बनवतानाच लिहून ठेवते, यात कोणत्या प्रकारचा माल येणार. आकडा, मजकूर, चित्र. त्याला टाइप म्हणतात. भलताच माल दिला की प्रोग्राम चालायच्या आधीच त्या ओळीखाली लाल रेघ येते. बटणाला मी पहिल्याच दिवशी लिहिलं, फक्त मजकूर."

"म्हणजे तुझं गेज," मी म्हटलं.

"कसलं गेज?"

"आमच्याकडे बोल्ट गेजमध्ये घालून बघायचे. एका बाजूने गेलाच पाहिजे, दुसऱ्या बाजूने जाता कामा नये. दोन्ही जमलं की माल पास. अक्षर येत नसताना मी त्यावर तीस वर्षं नोकरी केली."

पण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. साडेआठ झाले होते. तिने खटाखट कानाचं चित्र बटणात घातलं. लाल रेघ आली. मग तिने टाइपची ओळ खोडली आणि नवीन काहीतरी लिहिलं. रेघ गेली.

"काय लिहिलंस?"

"काहीही चालेल, असं लिहिलं. आज वेळ नाही गं आत्या."

चित्रं पटापट आली. कान, बाण, हात. माझा आनंद मावेना. मी दुसरं चित्र केलं, तिसरं केलं, चौथ्याला बोट लावलं आणि पडदा पांढराफटक. ना चित्र, ना बटण.

"मी काही केलं नाही हं," मी म्हटलं.

"तू नाही, मी." भाची खाली बसली. "चौथ्या चित्राच्या बटणात घाईत कानाऐवजी त्या शब्दाची अख्खी नोंदच घातली मी. चित्र, शब्द, आवाज, सगळ्याचं गाठोडं. ते पडद्यावर मांडायचं कसं हे प्रोग्रामला कळत नाही, तो मरतो. आधीचा टाइप असता तर लाल रेघ आली असती."

"आमच्या खात्यात एक जण होता. माल फार नापास होतो म्हणून त्याने गेजच घासून मोठं केलं. आठवडाभर सगळं पास. साहेब खूश. मग पुढच्या खात्यात एकाही बोल्टला नट बसेना."

"टोमणा कळला."

"टोमणा नाही. घट्ट होतं म्हणून गेज फेकू नकोस. बरोबर मापाचं कर. बटणात काय काय यायला हवं ते आधी सांग बघू."

ती उठून उभी राहिली, आणि तिथून आम्हा दोघींच्या अंगात वारं शिरलं. मजकूर यायला हवा, ती म्हणाली. चित्र यायला हवं, मी म्हटलं. गाठोडं नको. तिने 'काहीही' खोडून 'पडद्यावर दाखवता येईल असं काहीही' अशा अर्थाचा टाइप लिहिला. लगेच एक लाल रेघ उमटली, थेट त्या चौथ्या चित्रावर. तिने ती ओळ दुरुस्त केली आणि माझ्या हातावर टाळी दिली.

"झालं. सव्वानऊ. आंघोळ करून घेते."

मी मात्र चष्मा न लावता टॅब नाकाशी धरून बघत होते, ठिणगी धरतो तसा. कान होता की ढग, सांगता येत नव्हतं.

"बस खाली," मी म्हटलं. "ठिणगीला तुझा कान दिसणार नाही. बटणाने बोलायला हवं. बोट ठेवलं की नाव सांगायचं, उचलून परत ठेवलं की काम करायचं."

"बोलायची ती सोय टॅबमध्ये आहे, मी चालू केली नव्हती. चित्राला नाव लिहिलं की टॅब ते वाचतो. पण प्रत्येक ठिकाणी आठवणीने लिहावं लागतं, आणि तीस-चाळीस बटणं आहेत. एखादं राहिलं तर कळणारही नाही."

"मग गेजला कळू दे."

ती खुर्ची ओढून बसली, आंघोळ राहिलीच. "दोनच तऱ्हा," ती टाइप करता करता बोलत होती. "एक, मजकुराचं बटण, ते स्वतःच वाचून दाखवतं. दोन, चित्राचं बटण, पण त्याला बोलकं नाव हवंच. नुसतं चित्र दिलं तर नापास. तिसरी तऱ्हाच नाही."

शेवटचा कंस पडला आणि पडदा लाल झाला. रेघाच रेघा. मी घड्याळाकडे बघितलं, भाची मात्र हसत सुटली.

"सव्वीस. आत्या, सव्वीस मुकी बटणं होती, आणि एकेक आपणहून हात वर करतंय."

मग ती रेघेवर जाई आणि मी नाव सांगे. तिने एकाला 'ध्वनी पुनरावृत्ती' लिहिलं, तेव्हा मी म्हटलं, ठिणगी टॅब फेकून मारेल, 'परत ऐका' लिही. 'मुख्यपृष्ठ' नको, 'सुरुवातीला चला'. सोळा उरल्या. नऊ. एका बटणावर ती अडली, याला काय म्हणू म्हणाली, आणि त्या बटणाचं काम काय हे आम्हा दोघींनाही सांगता येईना. तिने ते काढूनच टाकलं. दहा पस्तीसला शेवटची रेघ गेली. ओल्या केसांनी, नव्हे, कोरड्याच केसांनी ती टॅबची पेटी घेऊन धावली आणि मी मागून.

वर्गात ठिणगी दाराजवळच्या खुर्चीत बसला होता, म्हणजे उठून जायला सोपं.

"हे खेळणं कुणाचं?" त्याने विचारलं.

"तुमचंच," बाई म्हणाल्या. "आणि आज कुणी कुणाला सांगायचं नाही. आजी, तुम्हीसुद्धा."

मी तोंडावर बोट ठेवलं. आठ जण खाली मान घालून लागले. ठिणगीने पहिला शब्द ऐकला आणि कपाळाला आठ्या घातल्या. ऐकू आला नव्हता. त्याने टॅब नाकाशी नेला, लांब धरला, मग एक पाय दाराकडे वळवला. भाचीने माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली.

त्याचा जाड अंगठा खाली टेकला. "थांबा," टॅब बोलला. त्याने अंगठा उचलला. शेजारी टेकवला. "परत ऐका."

"मग आधी नाही का सांगायचं," ठिणगी टॅबवर खेकसला आणि परत अंगठा ठेवला. शब्द आला. त्याने पाय आत घेतला.

सगळ्यांचं झालं तरी त्याचं चालूच होतं. कुणीतरी म्हणालं, वेल्डरसाहेब, सांधा लागला का? तो म्हणाला, बोलू नकोस, मला ऐकू येत नाही. बारा वाजायला दहा मिनिटं असताना त्याच्या टॅबवर टाळ्या वाजल्या. बाईंनी वहीत नववी खूण केली आणि टॅब घ्यायला हात पुढे केला.

ठिणगीने तो मांडीखाली सरकवला.

"दुसरा धडा लावा," तो म्हणाला.