सगळ्या पाड्याचा भात

माझी भावजय शुक्री वेडी आहे, हे मी तिच्या तोंडावर सांगते. मंडप घालायला एक माणूस फिरकला नव्हता, आणि ही बाई सकाळीच सगळ्या पाड्यासाठी म्हणून भात चढवून बसली होती!

आमच्या तलासरीकडच्या पाड्यावर मंडप पैसे देऊन घालत नाहीत. लग्नघरी पुरुष बांबू घेऊन येतात, मंडप उभा करतात, मग त्यांना ताडी पाजून जेवू घालतात. पण माझा भाऊ प्रविण आणि शुक्री येशूला मानायला लागले तेव्हापासून त्यांच्याकडे ताडी बंद. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लेकीचं, शितलचं लग्न. ताडीशिवाय येणार कोण? प्रविण तर लाजेनं कुणाला बोलवायलाही गेला नव्हता. शितल दारामागून रिकाम्या अंगणाकडे बघत होती. तिचं तोंड मला बघवेना.

"मंडपवाल्याला फोन कर," मी प्रविणला म्हटलं.

"येतील, बाय," शुक्रीच बोलली. "मी देवाला सांगितलंय."

"देवाला सांगितलंस, पाड्याला कोण सांगणार?"

ती हसली. "ते पन खरं. मग तूच जा शेजारच्या तुक्याकडे, त्याचा मोठा टोप घेऊन ये. ह्या एका टोपात भात पुरायचा नाय."

खायला कुणी नाही, आणि हिला दुसरा टोप हवा! मी तणतणतच निघाले.

तुक्याच्या घरामागे गेले आणि थबकले. पाड्यातले सगळे पुरुष तिथं सावलीत बसलेले. शेजारी तोडलेले बांबू, झावळ्यांचे भारे.

"इथं काय करता रे?" मी ओरडले.

तुक्या डोकं खाजवत उठला. "तुमची प्रार्थना वेगली, रीत वेगली. आमच्या हातचा मंडप चालेल का नाय, समजत नव्हतं. प्रविण पन बोलवायला नाय आला. सकालपासून बसलोय."

"ताडी नाय मिळायची, ठाऊक हाय ना?"

"ताडीसाठी येतो काय आमी? शितल आमच्या अंगाखांद्यावर वाढली."

मला हसावं की रडावं कळेना. दोन्ही केलं. "उठा मेल्यांनो! तिकडे भात गार होतोय!"

तुक्यानं टोप डोक्यावर घेतला, बाकीच्यांनी बांबू उचलले, आणि गलका करत सगळे निघाले. शितल धावत बाहेर आली. प्रविण आधी बघतच राहिला, मग तुक्याच्या गळ्यात पडला. मंडप चढला तशा बायकाही गाणी म्हणत आल्या. लिंबू सरबत पिऊन माणसं एवढी नाचतात, हे मला ठाऊक नव्हतं.

शुक्रीनं जेवणाआधी प्रार्थना केली. मी काही त्यांच्या प्रार्थनेला जात नाही, पण आमेन मोठ्यानं म्हटलं.

आणि भात संपला! दोन्ही टोप खरवडले तरी एक पंगत बसायची राहिलीच होती. मला वाटलं, आता शुक्री घाबरेल. ती तर टोपात डोकावून हसत होती.

"बघ बाय, देवाकडे मागताना मीच हात आखडला."

मी घरी गेले, तांदळाची टोपली भरून आणली. किती टाकू, म्हणून तिला विचारलं नाही. आधण आलं तशी सगळी टोपली रिकामी केली.