पाहुण्यासाठी राखलेला हर्निया

थंडी सरता सरता त्या इस्पितळात समुद्रापलीकडून एखादा पाहुणा डॉक्टर यायचा, फुकट काम करायला. त्याच्याबद्दल ज्या बाता चालत, त्या ऐकून मेलेल्यानेही आशेने कूस बदलली असती. एका पाहुण्याने म्हणे नुसतं दारात उभं राहून जुनाट खोकला पळवला होता. दुसरा डोळ्यांचा होता. त्याने पोटदुखीवाल्यांचेही मोतीबिंदू काढले. पोट दुखायचं थांबलं नाही, पण कुठे दुखतंय ते लख्ख दिसू लागलं.

या बातांचा कारखाना म्हणजे धुलाईखान्यातली मावशी. उकळत्या हौदात चादरी ढवळताना ती पाहुण्यांच्या कथाही ढवळायची. साहजिकच नवऱ्याला हर्निया झाला तेव्हा तिने ठरवून टाकलं, हात लावेल तर पाहुणाच.

बाराही महिने इस्पितळात राबणाऱ्या एकुलत्या एक सर्जनला सगळे ‘घरचा डॉक्टर’ म्हणत. त्याने तपासलं आणि म्हणाला, “मावशी, उद्या सकाळी उपाशी पोटी आणा यांना. तासाभराचं काम आहे.”

“घाई कसली? पाहुणे येतायत की.”

“पाहुण्याला काय जास्तीची बोटं असतात?”

“तुमची बोटं आम्ही रोज बघतो हो!”

तो हसला, पण हात धूत उगाच बराच वेळ उभा राहिला. “गाठ आत जाईना, उलटी झाली, तर थांबू नका. तडक माझ्याकडे.”

नवरा मालधक्क्यावर पोती वाहून म्हातारा झालेला. मिशांमुळे त्याला फौजदार म्हणत. घरी तो म्हणाला, “अगं, करू दे की त्याला. पोरगा चांगला आहे.”

“चांगला आहे, पण आपल्या ओट्यावर बसून चहा पितो. अशाच्या हाती कोणी पोट देतं का?”

फौजदाराने मिशीत हसून विषय सोडला. लग्नापासून त्याने एवढंच एक शस्त्र वापरलं होतं.

पाहुणा आला. इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनी त्याला फुलं दिली. ज्या जीपने पाहुणा आला तिनेच घरचा डॉक्टर आईकडे गेला, कारण पाहुणा असतानाच त्याला वर्षातली एकुलती सुट्टी मिळायची. आलेल्याला नेमकं काय येतं, हे मात्र कोणीच विचारलं नव्हतं. फुकट येणाऱ्याला असं विचारणं बरं दिसत नाही, असा तिथला शिरस्ता.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून फौजदार ओकत होता. गाठ दगडासारखी झाली होती. मावशीने त्याला हाताला धरून आणलं. “वेळ बघा कशी साधली,” ती रांगेला सांगत होती. “कालच आले, आणि आज यांना गरज!”

पाहुण्याने गाठीला हात लावला आणि त्याचा चेहरा उतरला. तो भराभर काही बोलला. थोरल्या सिस्टरला त्याची भाषा यायची. ती मावशीकडे न बघता म्हणाली, “हे आत्ताच्या आत्ता कापायला हवं म्हणतात. पण ते कातडीचे डॉक्टर आहेत. पोटात सुरी घालणं त्यांना जमायचं नाही.”

“थट्टा करतायत,” मावशी म्हणाली.

सिस्टरने नकारार्थी मान हलवली.

“मग घरच्याला बोलवा! उभे काय राहिलात?”

घरचा डॉक्टर एव्हाना दोन नद्यांपलीकडे होता. फौजदाराला जीपमध्ये घालून शहराकडे नेलं. पाहुणा सलाईनची बाटली उंच धरून बसला होता, खड्ड्याखड्ड्याला त्याचं डोकं टपाला आपटत होतं. फौजदाराने डोळे किलकिले करून उशाशी बसलेल्या मावशीकडे पाहिलं. “काय गं, शेवटी लावलास ना कामाला पाहुणा!”

पुढे तो काही बोलला नाही. अर्ध्या वाटेतून जीप परत फिरली.

अंत्यसंस्कार झाले तसे मोठे साहेब धुलाईखान्यात आले. “मावशी, पाहुणा रडतोय. परत जातो म्हणतो. हा असा गेला तर पुढच्या वर्षी कोण फिरकणार? तुम्ही दोन शब्द सांगा.”

मावशी गेली. खोलीत पाहुणा बुटांसकट खाटेवर बसला होता. तिने त्याच्या पाठीवर हात फिरवला. “तुमची चूक नाही बाबा.” सिस्टरने ते त्याला सांगितलं. ते खरंही होतं, आणि तेच मावशीला सलत होतं. पाहुणा राहिला.

बातमी कळताच घरचा डॉक्टर सुट्टी अर्धवट सोडून आला. तो हौदापाशी उभा राहिला.

“बोला,” मावशी म्हणाली. “मनात असेल ते एकदा बोलून टाका.”

“मीच हट्ट धरायला हवा होता,” तो म्हणाला. “पण मला वाटलं, पाहुणा करतोय तर करू दे. सुट्टीच्या तोंडावर माझं एक काम तरी वाचेल.”

तिला शिव्या हव्या होत्या. त्याने दोषातला वाटा मागितला, आणि तो तिला सोसवेना. “जा तुम्ही. पेशंट खोळंबले असतील.”

“माझ्याकडे कोणी नाही. सगळे पाहुण्याच्या दारात.”

“हर्नियावालेही?”

त्याने होकारार्थी मान हलवली.

मावशी ओल्या हातांनीच धावली. रांगेतल्या सुताराचा दंड धरून म्हणाली, “अरे, तो कातडीचा आहे! घरच्याकडे जा, त्याचा हात चांगला आहे. माझं ऐक.”

सुताराने हळूच दंड सोडवून घेतला. “माणूस गेलंय तिचं,” तो मागच्याला म्हणाला. “काहीबाही बोलणारच बिचारी.” आणि रांग पुढे सरकली तसा तोही सरकला.