गुडघ्याखालचा वास

माझं नाक खोटं बोलतं. हे सांगताना पूर्वी लाज वाटायची, आता तीही वाटेनाशी झाली आहे. दोन वर्षांपूर्वी मोठा ताप आला, त्यात वास पार गेला. तीन महिन्यांनी परत आला, पण तो डोकं फिरूनच. कधी जळलेलं रबर, कधी ओला धूर, आणि महिन्यातून एकदोनदा गॅस. आसपास कुठे काही नसताना. डॉक्टर म्हणाले, हा भास आहे, लक्ष देऊ नका. त्यांचं काय जातंय सांगायला! गॅसच्या वासाकडे लक्ष द्यायचं नाही म्हणे.

पहिल्यांदा तो वास आला तेव्हा मी सगळी इमारत खाली उतरवली. दुसऱ्यांदाही उतरवली. त्या दुसऱ्या खेपेला खालचे मास्तर अर्ध्या गालाला साबण फासलेले, खांद्यावर टॉवेल टाकून पाऊण तास फाटकाशी उभे होते. गॅस कंपनीच्या माणसाने घरभर यंत्र फिरवलं, आकडा शून्यावरून हलेना. मास्तर साबण वाळून गेलेला गाल घेऊन नुसते बघत राहिले. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

त्याच संध्याकाळी ताईने कायदा केला. ताई माझी थोरली बहीण, नऊ वर्षांनी मोठी. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पस्तीस वर्षं ऑपरेटर होती, आणि घरातही कोणाचं कोणाशी काय जोडायचं हे तीच ठरवते. आम्ही दोघीच राहतो, त्यामुळे ठरवायला तिच्या वाट्याला मी एकटीच येते. कायदा असा, की मला कसलाही वास आला की आधी तिला विचारायचं. ती हो म्हणाली तर आहे, नाही म्हणाली तर नाही. मधे मी अक्कल पाजळायची नाही.

"या घरात नाक एकच," ती म्हणाली, "आणि ते माझं."

मला राग आला. पण खरं सांगायचं तर हायसंही वाटलं. तेव्हापासून हे आमच्या अंगवळणी पडलं. मी शिवता शिवता हाक मारायची, "ताई, येतोय का?" आतून उत्तर यायचं, "नाही गं," की मी पुन्हा मशीन चालू करायची. दिवसाला कधी तीनदासुद्धा. पाहुण्यांना वाटायचं आम्ही कोणाची तरी वाट बघतोय.

त्या दिवशी दुपारी मी एका बाईंच्या कोटाला अस्तर लावत होते. समोरचा रस्ता खणायला काढला होता, सकाळपासून ड्रिलचा नुसता उच्छाद. धूळ नको म्हणून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. ताई जेवून तिच्या खोलीत आडवी झाली होती. कंबर धरल्यापासून ती पलंगावर झोपत नाही, जमिनीवर गादी टाकते, पडदा ओढून खोली काळोखी करते. मी बाहेरच्या खोलीत, शेजारी टेबलावर इस्त्री तापत ठेवलेली.

अडीचच्या सुमाराला वास आला. गॅसचा.

"ताई, येतोय का?"

"नाही गं," ती म्हणाली. लगेच म्हणाली.

मी काम पुढे ओढलं. पंधरावीस मिनिटांनी पुन्हा आला, तेव्हा पुन्हा हाक मारली. या वेळी उत्तराला वेळ लागला. मला वाटलं ड्रिलच्या आवाजात ऐकू गेलं नसेल, म्हणून मोठ्याने विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. आवाज जड होता. झोप लागली असेल, उगाच उठवलं, असं मला वाटलं.

आता कायद्याप्रमाणे मी गप्प बसायला हवं होतं. पण मनाला रुखरुख लागली. मी चोरासारखी स्वयंपाकघरात गेले. वाटीत साबणाचा फेस केला आणि शेगडीची बटणं, नळी, सिलिंडरवरचा रेग्युलेटर, सगळ्या जोडांवर फासला. गळत असेल तर फेसाला बुडबुडे धरतात. फेस जागच्या जागी बसून राहिला, एकही बुडबुडा आला नाही. नाकाचा भरवसा नाही म्हणून डोळ्यांनी खात्री केली, आता तरी शहाणी हो, असं स्वतःला दटावून मी मशीनपाशी परत आले.

तेवढ्यात बाहेरचं ड्रिल थांबलं. इतका वेळ चाललेला आवाज असा एकदम थांबला की कानात दडे बसल्यासारखं झालं. मी दचकले आणि कोपराचा धक्का लागून टाचण्यांची डबी खाली पडली.

टाचण्या वेचायला मी गुडघ्यांवर बसले, आणि वास भस्सकन नाकात शिरला. खाली होता, जमिनीलगत. मी उभी राहिले. जवळजवळ नाही. पुन्हा वाकले. आहे. पुन्हा उभी राहिले. वेड लागल्यासारखी मी चार वेळा उठबस केली. वास गुडघ्यांच्या फार वर येत नव्हता. खोलीभर एक थर पसरला होता आणि मी त्यात गुडघाभर उभी होते.

माझा भास असा नसतो. दोन वर्षं मी त्याच्याबरोबर काढली आहेत, मला तो पुरता माहीत आहे. तो माझ्याबरोबर चालतो. मी गच्चीवर गेले तर गच्चीवर येतो, डोकं पांघरुणात घातलं तर तिथेही येतो, वाकले काय आणि उभी राहिले काय, त्याला सारखंच. या वासाला मात्र जागा होती. तो माझ्या डोक्यात नव्हता, घरात होता.

आणि ताई जमिनीवर झोपली होती.

"ताई!" मी ओरडले. "ताई, येतोय का?"

मग आतून आवाज आला. तिचाच, पण मी वीस वर्षांत न ऐकलेला. गोड, तरतरीत, नोकरीतला.

"थांबा हं. जोडून देते."

दुपारी तीन वाजता, स्वतःच्या घरात, मला माझ्या बहिणीची भीती वाटली. तिच्या काळोख्या खोलीत दुसऱ्या टोकाला कोणीतरी आहे आणि ती त्याला माझ्याशी जोडून देणार आहे, असं मला अगदी खरंखुरं वाटलं. दार उघडायला नको वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

तेवढ्यात शेजारी 'टक' झालं. इस्त्रीचा लाल दिवा लागला. तापमान उतरलं की ती आपसूक चालू होते, दिवसभर तिचं टक-टक चालतं, एरवी माझं लक्षही जात नाही. माझं बोट भिंतीवरच्या बटणाकडे गेलंच होतं. अगदी टेकायचं बाकी होतं. मग आठवलं, बंद करतानाही ठिणगी पडते. गॅसच्या माणसाने दुसऱ्या खेपेला जाताना बजावलं होतं: वास असताना लावू नका, विझवू नका, फोनसुद्धा नको, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर पडा. मी तेव्हा मान खाली घालून ऐकलं होतं. बोट मागे घेतलं. इस्त्री उंचावर होती, वास खाली होता. मधे किती वेळ आहे ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

बाहेरची खिडकी उघडली, दार सताड उघडं टाकलं आणि आत गेले.

ताईच्या खोलीबाहेरच्या बोळात भरलेलं जादा सिलिंडर होतं. सकाळी मी दोरे आणायला गेले असताना ते आलं होतं आणि ताईने उतरवून घेतलं होतं; साबण फासताना ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आता ड्रिल बंद होतं म्हणून ऐकू आलं: अगदी बारीक 'स्सस', कोणी दातांतून श्वास सोडावा तसं. तोंडावरची टोपी दोरीला लोंबत होती. ताईला सगळं तपासून घ्यायची सवय, सील ठीक आहे का बघायला तिने टोपी काढली असणार आणि परत बसवायची राहिली असणार. मी टोपी तोंडावर ठेवून दोन्ही अंगठ्यांनी दाबली. खट्कन बसली. आवाज थांबला.

पण जो सुटायचा तो सुटून गेला होता, आणि दाराच्या फटीतून आत उतरला होता.

मी श्वास कोंडून खोलीत शिरले, पडदा बाजूला सारला, खिडकी ढकलली. उजेडात ताई दिसली. उताणी, डोळे अर्धे उघडे, उजवा हात हवेत. बोटं काहीतरी उपसून दुसरीकडे खोचत होती. ओठांवर हसू होतं.

"ताई, ऊठ."

"लाईन बिझी आहे," ती म्हणाली. "नंतर करा."

तिचं वजन माझ्या दीडपट. मी चादरीची दोन टोकं मनगटांना गुंडाळली आणि तिला चादरीसकट ओढायला लागले. उंबऱ्यावर ती अडकली तेव्हा मी तिला तोंडाला येईल ते बोलले. तिचा कायदा काढला, तिचं नाक काढलं, लहानपणापासूनचं सगळं काढलं. रडत होते आणि ओढत होते. बोळ, बाहेरची खोली, इस्त्रीचं टेबल. पुन्हा 'टक'. मी डोळे मिटून घेतले. काही झालं नाही.

जिन्याच्या हवेत तिला ठसका लागला. मग उलटी झाली, मग ती मला म्हणाली, "काय गं, कुठे नेतेस?" आणि तो आवाज तिचा होता. तिचा हात गळ्यात घेऊन मी तिला एकेक पायरी उतरवत खाली नेलं.

मास्तरांच्या दाराची बेल मी वाजवली नाही, मुठीने दार बडवलं. गॅस जड असतो, जिन्याने खाली त्यांच्याकडेच येणार.

दार उघडून त्यांनी मला पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "पुन्हा?"

"हो, पुन्हा," मी म्हटलं. "तसेच बाहेर या. कशाला हात लावू नका. आणि फाटकाजवळचा मीटर बंद करा, वर इस्त्री चालू आहे."

त्यांनी ताईकडे पाहिलं. मग काही न विचारता चपलाही न घालता निघाले. मीटरचं कपाट बाहेर मोकळ्यात आहे, तिथला मुख्य खटका त्यांनी ओढला. रस्त्यापलीकडे गेल्यावर मास्तरांच्याच मोबाइलवरून मी गॅस कंपनीला आणि दवाखान्यात फोन केला. बोलताना माझा आवाज जराही कापला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

दवाखान्यातून डॉक्टरीणबाई आल्या. ताईला तपासून म्हणाल्या, आणखी अर्धा तास गेला असता तर मी काही सांगू शकले नसते. गॅसवालाही तोच आला, मागच्या दोन्ही खेपांचा. मला बघून त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण बोळात यंत्र धरल्यावर त्या गेल्या. सिलिंडर त्याने उचलून मोकळ्यावर नेलं. तोंडातला वॉल्व्ह अडकला होता म्हणाला. तास-दीड तास घर उघडं ठेवून त्याने कोपरान्‌कोपरा तपासला. पलंगाखाली, कपाटामागे, मोरीत. सगळीकडे शून्य.

"आजींना काहीच कसं कळलं नाही?" मास्तरांनी विचारलं.

"त्यात पडून राहिलं की नाक बधिर होतं," तो म्हणाला. "सुरुवातीला हळूहळू वाढतं, कळत नाही. मग कळेनासंच होतं. ज्याला सगळ्यात जास्त वास यायला हवा, त्यालाच येत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "जा आता वर. काही नाही."

मी आधी एकटी वर गेले. संध्याकाळचा वारा घरभर सुटला होता, अस्तराचं कापड उडून मशीनला अडकलं होतं. खोलीच्या मध्यावर पोचले आणि पुन्हा वास आला. मी गुडघ्यांवर बसले. तेवढाच. उभी राहिले. तेवढाच. खिडकीतून डोकं बाहेर काढलं, तर तिथेही माझ्याबरोबर आला.

"माझाच आहे," मी मोठ्याने म्हटलं आणि मला चक्क हसू फुटलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मला तो ओळखता आला. कोणाला विचारावं लागलं नाही. मी जिन्यात जाऊन हाक मारली, "ताई, ये वर. सगळं ठीक आहे."

ती कठड्याला धरून सावकाश आली. दाराशी थांबली. एक पाऊल आत टाकलं, मान पुढे काढली आणि हुंगलं. मग आणखी एकदा हुंगलं. तिचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. पस्तीस वर्षं कोणाला अदबीने, कोणाला तोडून उत्तर देणारी ती बाई, माझ्या तोंडाकडे बघत उभी होती.

"का गं? येतोय का?" मी विचारलं.

"नाही."

"मग झालं तर. चल आत."

"मला तेव्हाही येत नव्हता," ताई म्हणाली, आणि आत टाकलेलं पाऊल तिने मागे घेतलं.