नदीत न सोडलेली

मी एक मादी कासव, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेली. माझं कूळ इथलं नाही, सातासमुद्रापलीकडच्या तळ्यांतलं. व्यापाऱ्यांच्या खोक्यांतून फिरत मी पिंपळे सौदागरच्या एका दुकानात आले, तेव्हा जेमतेम बिस्किटाएवढी होते.

समाधाननं मला पाहिलं आणि विचार न करता उचललं. तो भोसरीच्या वर्कशॉपमध्ये कामाला. शाळा लवकर सुटलेली. थोरली बहीण निशिगंधा मात्र कॉलेजात नदीतल्या कासवांचा अभ्यास करायची. तिला खूश करायला त्यानं मला खोलीवर नेलं.

तिनं कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, मी जिच्या मागावर आहे, तीच घरी आणलीस!"

"मग सोपं झालं ना ताई! आता नदीवर उन्हात जायला नको."

ती पोट धरून हसली. मग तिनं लॅपटॉपवर नकाशा दाखवला. माणसं आम्हांला हौसेनं पाळतात, वाढलो की नदीत सोडतात. तिथं आम्ही इथल्या कासवांचं खाणं आणि ऊन खायच्या जागा बळकावतो. हवा तापत गेली तर आम्ही कुठवर पसरू, याचा अंदाज ती बांधत होती. पवनेकाठचा लाल ठिपका बघता बघता इंद्रायणी ओलांडून चाकणपलीकडं गेला.

"गोवर उठल्यासारखं दिसतंय गं."

"तसंच समज. म्हणून हिला नदीत कधी सोडायचं नाही. आणलीस ना? आता जन्मभर सांभाळ."

"मी कशाला? तू आहेस की!"

ती होती, या उन्हाळ्यापर्यंत. चाकणच्या रस्त्यावर कंटेनरनं तिच्या स्कूटरला उडवलं. माझं पाणी बदलायचंही कुणाला सुचेना.

दहाव्याच्या दिवशी समाधान घाटावरून एकटाच धावत आला, मला बादलीत घातलं आणि गाडीला किक मारली. पिंडाला कावळा शिवत नव्हता.

"आरं, पोरीचा जीव ह्या मुक्या जनावरात अडकलाय," घाटावर पोचताच अर्जुनमामा म्हणाले. "सोड पाण्यात, मग बघ कावळा कसा येतो ते."

समाधाननं मला पाण्यावर धरलं. नदीचा वास नाकात शिरला. मी मान लांबवली, पाय मारले. खोटं कशाला बोलू, मला जायचं होतं. पलीकडच्या दगडावर इथलंच एक कासव ऊन खात पडलं होतं. समाधान त्याच्याकडं बघत राहिला. मग त्यानं मला मागं ओढलं.

"ताईनं नको म्हटलंय."

"आरं, पण कावळा..."

"नाही शिवला तर नको शिवू दे!" तो ओरडला आणि मला छातीशी धरून पायरीवरच हमसून रडला. शेवटी दर्भाचा कावळा करून विधी उरकला. कुणीतरी पुटपुटलं, बहिणीपेक्षा कासव प्यारं.

आता मी ताटलीएवढी झालेय, टब पुरत नाही. शिफ्टवरून आला की समाधान मला गॅलरीतल्या उन्हात ठेवतो आणि शेजारी बसतो. "ताई, आज कालच्यापेक्षा तापलंय बघ," असं मलाच सांगतो.

तुमच्या घरी माझी एखादी बहीण असेल, तर तिला नदीत सोडू नका. दुकानात दिसली, तर उचलू नका. आम्ही फार वर्षं जगतो हो. सांभाळणारं माणूस किती पुरेल, ते कुणाला ठाऊक?