रोजच्या वीस फेऱ्या

बाळंतिणींच्या वॉर्डात एकतीस वर्षं काढलेल्या त्या बाईला गल्ली अजून सिस्टरच म्हणायची. नोकरी सुटली, गुडघे कुरकुरायला लागले, पण हुकूम सोडायची खोड काही गेली नाही. आठव्या महिन्यात लेक राहायला आली, तशी दुसऱ्याच दिवशी फर्मान निघालं: व्हरांड्यात रोज वीस फेऱ्या.

लेकीची उजवी जांघ दुखायची. पाय टेकला की कळ थेट डोक्यात जायची.

"आई, साधं दुखणं नाही गं हे. जीव जातो."

"पोराचं डोकं खाली सरकतंय, दुखणारच. चाल, अंग मोकळं होईल."

लेक भिंत धरून लंगडायची आणि सिस्टर खुर्चीत बसून फेऱ्या मोजायची. दुष्टपणा नव्हता त्यात. हजार जणींना चालवलं, त्या सुटल्या. आपलीही सुटावी, एवढंच.

एका सकाळी लेकीला पाऊलच उचलवेना. हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय करायला लावला.

"खुब्याचं हाड तात्पुरतं विरळ झालंय," ते म्हणाले. "गरोदरपणात क्वचित होतं. काही महिन्यांत आपोआप भरून येतं. पण तोवर या पायावर भार टाकायचा नाही, मोडेल. रोज किती चालता?"

लेकीने आईकडे पाहिलं. सिस्टर फरशीकडे बघत म्हणाली, "वीस फेऱ्या. मीच लावल्या."

मग कुबड्या आल्या. लेक पलंगावरून उठली तरी सिस्टर हात द्यायला धावायची. बाळ सुखरूप झालं, पण त्याला घेऊन चालायची लेकीला बंदी. ते रडलं की सिस्टरच उठायची, दिवसातून तीसदा. पार पिट्टा पडला तिचा, पण हूं नाही की चूं नाही.

बाळ पाच महिन्यांचं झालं तेव्हा नवा एमआरआय झाला. हाड भरलं होतं. लेकीने पहिल्यांदाच बाळाला कडेवर घेतलं, खिडकीपर्यंत चालत गेली आणि खुदकन हसली. सिस्टर मात्र खुर्चीत फरशीकडे बघत बसून राहिली.

"आता कसलं तोंड पाडतेस? बरी झाले ना मी!"

"वॉर्डात एक होती," सिस्टर म्हणाली. "अशीच जांघ धरून रडायची. म्हटलं, नखरे नकोत. उठवली आणि चालवली."

"मग?"

"मग माझी ड्यूटी संपली. मी घरी आले."